येथे जागा आहे

(रेडिओवरील रात्रीच्या भाषणाचा संपादित भाग)



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या भागातल्या मालवाहतूकदारांच्या एका मंडळाकडून मला फोन आला. रस्ता सुरक्षेची मोहीम होती आणि मंडळाला ट्रकवर चिकटवायला स्टिकर छापायचे होते. विषय होता झोप. म्हणजे पुरेशी झोप झाली नाही तर माणसाचं काय काय होतं, तो. फोनवरचे गृहस्थ म्हणाले, ‘‘सर, तुम्ही कवी आहात. आठ-दहा ओळी द्या. पण हसवणाऱ्या द्या. ‘अपघात टाळा, जीव वाचवा’ असलं नको. ते कुणी वाचत नाही.’’

मी लगेच हो म्हटलं. मराठी कवीला कुणी आपणहून फोन करून ओळी मागतो, असा प्रसंग आयुष्यात किती वेळा येतो? मानधनाचं विचारलं, तर म्हणाले, ‘‘चहा आहेच की!’’

मी कामाला लागलो. झोपेवर विनोदी ओळी सुचाव्यात म्हणून लागोपाठ तीन रात्री दीड-दोन वाजेपर्यंत जागलो. चौथ्या दिवशी सकाळी बायकोने चहाचा कप आणि दोन बिस्किटं पुढे ठेवली. मी कपात पेन बुडवलं. ती म्हणाली, ‘‘ही घ्या तुमची पहिली जाहिरात.’’

मंडळाने माझ्याकडेच यायला तसं कारण होतं. माझे अब्बा पेंटर होते. चित्रकार नव्हे, पेंटर. मिरजेच्या रस्त्याला त्यांची शेड होती. ट्रकच्या बॉडीवर मोर, कमळ, डोंगरामागून उगवणारा सूर्य, दारावर मालकाचं नाव आणि मागच्या फाळक्यावर एखादी ओळ, हे त्यांचं काम. ओळ काय लिहायची हे बहुतेक वेळा ड्रायव्हर सांगे. त्याला सुचलं नाही तर अब्बा माझ्याकडे बघत. मी कॉलेजात होतो, वहीत कविता करत होतो. त्यामुळे माझी पहिली ओळ मासिकात नव्हे, ट्रकच्या फाळक्यावर प्रसिद्ध झाली. एवढा वाचकवर्ग मला पुढे कधी मिळाला नाही. संग्रहाच्या पाचशे प्रती संपायला दहा वर्षं लागतात. फाळक्यावरची ओळ मात्र एका रात्रीत कितीतरी माणसं वाचत. नाइलाजाने का होईना वाचत, कारण पुढे जायला रस्ताच नसे. त्या पहिल्या ओळीबद्दल शेवटी सांगतो.

ट्रकच्या पाठीवर काय नसतं? वाईट नजरेला तंबी असते, आईचा आशीर्वाद असतो, प्रेमभंग असतो, हॉर्न वाजवण्याची विनंती असते. त्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली, तरी ते पूर्ण पुसलं गेलेलं नाही. पण इतकी वर्षं मी फाळके वाचत आलो, त्यात झोपेबद्दलची ओळ क्वचितच दिसली. आणि दिसली तरी उपयोग काय? फाळक्याची एक गंमत आहे. तो मागच्याशी बोलतो. ज्याच्या डोळ्यांवर झोप आहे तो पुढे स्टिअरिंगवर बसलेला असतो. आपल्या पाठीवर काय लिहिलंय ते त्याला दिसतच नाही. ही गोष्ट मला तेव्हा नुसती गंमत वाटली होती.

लिहिण्याआधी वाचावं, ही बी.ए.ची सवय. म्हणून आधी झोपेवर जे मिळालं ते वाचून काढलं. ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या दोघांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये एक छोटासा लेख लिहिला. त्यांनी काही माणसांना एकदा जागवलं आणि एकदा दारू पाजली. दोन्ही वेळा हाता-डोळ्यांचा मेळ किती राहतो ते मोजलं. सलग १७ तास जागा असलेला माणूस, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतका चुकत होता. २४ तास जागलेला तर १०० मिलिग्रॅमवाल्याच्या पंगतीला बसला. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची. म्हणजे पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहाला गाडी चालवतो तेव्हा थेंबही न घेता टाइट असतो!

यावरून माझी पहिली जाहिरात तयार झाली. चित्रात हवालदार ड्रायव्हरच्या तोंडाशी यंत्र धरून उभा आहे. यंत्र शून्य दाखवतंय. ड्रायव्हर मात्र हवालदाराकडे बघून म्हणतोय, ‘आये, दार उघड.’ खाली ओळ: ‘दारू नाही प्यायला. रात्र प्यायलाय.’

दुसरी गोष्ट भुकेची. शिकागोत १२ निरोगी तरुणांना एकदा दोन रात्री चार-चार तास आणि एकदा दोन रात्री दहा-दहा तास अंथरुणात राहू दिलं. ते संशोधन २००४ साली छापून आलं. कमी झोपेच्या खेपेला भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं आणि ‘पोट भरलं, आता पुरे’ असा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं. वाढलेली भूक कशाची? तर गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. यावर मी चौकात लागतो तसा फ्लेक्स कल्पिला. वडापावच्या गाडीचा मालक हात जोडून उभा आहे. मजकूर असा: ‘आमच्या गाडीला २५ वर्षे पूर्ण झाल्याबद्दल, रात्री दोनपर्यंत मोबाइल बघणाऱ्या तमाम ग्राहकांचे जाहीर आभार. आपले जागरण हीच आमची भरभराट.’

तिसरी सर्दीची. अमेरिकेत १६४ निरोगी माणसांची झोप आठवडाभर मनगटावरच्या यंत्राने मोजली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या मानाने सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक निघाली. इथे आपली मराठी माझ्या मदतीला धावून आली. ‘जागा’ या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ. माझ्या चित्रात रात्रीचे तीन वाजलेत. एक माणूस मोबाइलच्या निळ्या उजेडात डोळे ताणून पडलाय. त्याच्या नाकाला भाड्याच्या खोलीला लावतात तशी पाटी आहे: ‘येथे जागा आहे’. आणि सर्दीचे विषाणू वळकट्या काखेत मारून रांगेत उभे आहेत. ही मला स्वतःला सर्वांत आवडली, म्हणून आजच्या भाषणालाही तेच नाव दिलं.

चौथी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीसारखी. ‘हरवले आहेत. वय ४५, रंग गव्हाळ, अंगात चौकटीचा शर्ट. काल रात्री साडेबारा वाजता “हा शेवटचा भाग” असे म्हणत होते. सकाळी दहापासून ऑफिसात खुर्चीवर हजर आहेत, पण सापडत नाहीत.’

पाचवी क्षणभराच्या डुलकीची. डोळे कधी कधी उघडेच असतात आणि मेंदू काही सेकंद दुकान बंद करतो. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ ८९ मीटर. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. म्हणजे हा गडी झोपेत जवळजवळ सात मैदानं पार करतो आणि पकड करायला पुढे वडाचं झाड उभं असतं.

झोप जिंकता येते, असा कुणाचा समज असेल तर रँडी गार्डनरची गोष्ट ऐका. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचा हा सतरा वर्षांचा मुलगा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी १९६३च्या डिसेंबरात त्याने जागायला सुरुवात केली आणि १९६४च्या जानेवारीत थांबला तेव्हा २६४ तास झाले होते. अकरा दिवस! पुढे काहींनी तो विक्रम मोडलाही. पण १९९७ साली गिनीज बुकवाल्यांनी जागरणाचे विक्रम नोंदवणंच बंद केलं. जी मंडळी नखं वाढवण्याचे विक्रम आनंदाने नोंदवतात, त्यांनीही इथे हात जोडले. आणि रँडी गार्डनरने उतारवयात सांगितलं की, आपल्याला आता निद्रानाशाचा भयंकर त्रास होतो. यावर जाहिरात करण्याची माझी हिंमत झाली नाही. ती आधीच झालेली आहे.

मग मी इतरांनी काय केलंय ते बघितलं. १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये हॉर्लिक्सच्या जाहिरातींनी ‘नाइट स्टार्व्हेशन’ म्हणजे रात्रीची उपासमार, असा एक आजारच काढला होता. आपण झोपेत असताना शरीर उपाशी राहतं, म्हणून सकाळी थकवा येतो, असं सांगायचं. चित्रकथेसारख्या चौकटी असत. पहिल्या चौकटीत दमलेला, चिडलेला माणूस. मधे कपभर हॉर्लिक्स. शेवटी सगळं आलबेल. आजार कागदावरचा आणि औषध बाटलीतलं! जाहिरातवाल्यांची कल्पनाशक्ती आम्हा कवींपेक्षा मोठी असते, हे कबूल करायला हवं.

ब्रिटनच्याच महामार्गांवर ‘थकवा जीव घेऊ शकतो, थांबा’ अशा अर्थाच्या पाट्या आहेत. खरं आहे, पण आमच्या मंडळाच्या भाषेत, ते कुणी वाचत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने जास्त डोकं चालवलं. तिथले रस्ते लांबच लांब आणि सरळ. जिथे डोळा लागण्याची भीती, तिथे पाटीवर सामान्यज्ञानाचा प्रश्न लिहितात: ‘आपल्या राज्यातला सर्वांत उंच डोंगर कोणता?’ उत्तर पुढे काही किलोमीटरवर. मधल्या वेळात गाडीत वाद होतो, मुलं बापाचं अज्ञान उघडं पाडतात आणि बाप जागा राहतो. आपल्या लडाखमध्ये सीमा सडक संघटनेने वळणावळणावर यमक जुळवलेल्या पाट्या लावल्यात. दारू, वेग, मागे बसून गाडी चालवायला शिकवणारी बायको, कुणालाही त्यांनी सोडलेलं नाही. माणसं तिथून डोंगरांचे फोटो काढून आणतात, तसे त्या पाट्यांचेही आणतात. जाहिरातीला याहून काय हवं?

२०१९ साली वेकफिट या गाद्यांच्या भारतीय कंपनीने तर झोपायची नोकरीच काढली. शंभर रात्री रोज नऊ तास झोपायचं आणि एक लाख रुपये घ्यायचे. आमच्या घरात ही बातमी मोठ्याने वाचली गेली. माझ्याकडे पाहून वाचली गेली.

पण ही सगळी मंडळी थोडी. झोप उडवणाऱ्यांची फौज कितीतरी मोठी. चहा, कॉफी, डबाबंद पेयं, रात्रभर चालणाऱ्या मालिका, हातातला मोबाइल. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ साली सांगूनच टाकलं होतं की, आमची स्पर्धा झोपेशी आहे. इतका प्रामाणिक जाहिरातदार विरळा.

बरं, धंदा सोडा. आपल्याकडे भल्या पहाटे माणसाला उठवणारे किती! वासुदेव येतो, देवळात काकड आरती होते, रमजानमध्ये सहरीला जागवत गल्लीतून फिरणारे असतात. फजरच्या अजानमध्ये तर स्वच्छ म्हटलेलं आहे की, झोपेपेक्षा नमाज चांगली. आमचे अब्बा नमाजी होते, पण या वाक्याचा त्यांचा अर्थ वेगळा होता. ते म्हणत, ‘‘सोयेगा तोच उठेगा ना बाबा! आधी झोप असली पाहिजे. नमाज तिच्यापेक्षाही चांगली, म्हणजे ती चांगलीच आहे की.’’ उठवणारे पुष्कळ. पण ‘नीज आता’ असं सांगणारी दुनियेत एकच जाहिरात आहे. अंगाई. आणि तिचं गिऱ्हाईक तीन-चार वर्षांचं झालं की तीही बंद पडते.

तर अशा दहा ओळी तयार झाल्या. पण मंडळाला देण्याआधी एक संशोधन वाचनात आलं आणि माझी गाडी तिथेच रुतली. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात काही माणसांना चौदा रात्री सहा-सहा तासच झोपायला दिले. हे २००३ सालचं. सहा तास म्हणजे आपल्यातले पुष्कळ जण म्हणतील, बक्कळ झाले! दोन आठवड्यांनी त्यांची चाचणी घेतली, तर काहींच्या चुका सलग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतक्या होत्या. पण खरी गोष्ट पुढे आहे. त्यांना विचारलं, झोप येतेय का? तर म्हणाले, थोडीशी. विशेष काही नाही. चुका रोज वाढत होत्या आणि त्यांना वाटत होतं, आपल्याला सवय झाली.

दारू प्यालेला माणूस निदान कधी कधी कबूल करतो की, आज जरा जास्त झाली. झोप कमी पडलेला कबूल करत नाही. त्याला ते कळतच नाही. कारण कळायला जो मेंदू लागतो, तोच पेंगत असतो. मग माझ्या ओळी वाचायच्या कुणी?

तरीही कागद घेऊन मी एका रविवारी महामार्गावरच्या ढाब्यावर गेलो. खाटांवर पाच-सहा ड्रायव्हर बसले होते. त्यांना ओळी वाचून दाखवल्या. ‘रात्र प्यायलाय’ला ते खदखदून हसले. कबड्डीला टाळी मिळाली. एक वयस्क ड्रायव्हर मात्र कोपऱ्यात हात धूत ऐकत होता. तो येऊन समोर बसला आणि म्हणाला, ‘‘कविराज, ओळी झकास हायती. पर ह्या तुम्ही मला कशाला सांगताय? मला काय झोप नको झालीय?’’

मग तो बोलत राहिला. गाडीत द्राक्षं असतील तर वेळेत पोचली पाहिजेत, उशीर झाला की भाड्यातून पैसे कापतात. गाडीला यंत्र बसवलंय, गाडी थांबली की मालकाला मोबाइलवर कळतं आणि पाच मिनिटांत फोन येतो, ‘का थांबलास?’ रस्त्याकडेला थांबून झोपावं तर सकाळी टाकीतलं डिझेल गायब किंवा ताडपत्री कापलेली. पूर्वी सोबत क्लीनर असे, आमच्याकडे त्याला किन्नर म्हणत. तो बोलत राही, तंबाखू मळून देई, डुलकी लागली तर खांद्याला हात लावी. आता पगार वाचवायला बऱ्याच गाड्यांवर किन्नरच नसतो. ‘‘घाटात भ्या नसतं बघा,’’ तो म्हणाला. ‘‘घाटात ड्रायव्हर जागाच असतो. घाट उतरला, रस्ता सरळ झाला, पहाटचं गार वारं लागलं, की मग खरं भ्या. तवा बोलायला माणूस लागतो.’’

मी त्याला कायद्याचं सांगायला गेलो. १९६१ सालीच या देशात मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असं त्यात लिहिलं गेलं. माझ्या जन्माआधीचा कायदा! आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने झोप हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘हे मालकाला म्हाईत हाय का?’’

घरी येताना मला ती पहिली ओळ आठवत होती. सांगतो म्हटलं होतं, ती.

१९८७ साल असेल. अब्बांकडे नेहमी येणारे एक ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. सांगलीहून हळद घेऊन मुंबईला जायचे. गाडी रंगवून झाली, फाळका कोरा होता. चाचा म्हणाले, ‘‘पोरा, लिही काहीतरी मर्दानी.’’ मी अठरा वर्षांचा. मी सांगितलं, ‘रात्र माझी राणी, झोप माझी वैरीण’. चाचा इतके खूश झाले की खिशातून पाच रुपये काढून दिले. माझं पहिलं मानधन. अब्बांनी पिवळ्या रंगात, लाल सावली देऊन ती ओळ काढली. त्यांच्यासारखं अक्षर मी पुन्हा पाहिलं नाही.

त्या वर्षीच्या हळदीच्या हंगामात चाचांच्या लागोपाठ खेपा चालल्या होत्या. मुंबईहून आले की गाडी भरायची आणि त्याच रात्री निघायचं. तिसऱ्या की चौथ्या खेपेला, पहाटे, खंबाटकीचा घाट उतरल्यावर सरळ रस्त्यावर गाडी बाजूच्या नाल्यात गेली. चाचा वाचले. किन्नर वाचला नाही. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता. आमच्या शेडमध्ये आला की ब्रश धुवायला मदत करायचा आणि मला ‘कवी’ म्हणून चिडवायचा.

गाडी ओढून आणली तेव्हा पुढचा भाग चेपला होता. फाळक्याला ओरखडाही नव्हता. मी लिहिलेली ओळ जशीच्या तशी होती, तिच्यावर हळद सांडून वाळली होती. अब्बा मला काही बोलले नाहीत. त्यांनी लाल रंगाचा डबा माझ्या हातात दिला, मोठा ब्रश घेतला आणि ती ओळ बुजवली. एक हात दिल्यावरही अक्षरं खालून दिसत होती, म्हणून दुसरा दिला. मी डबा धरून उभा होतो. त्यानंतर रात्रीची आणि जागण्याची फुशारकी मारणारी ओळ अब्बांनी कुठल्याच फाळक्यावर काढली नाही. गिऱ्हाईक गेलं तरी काढली नाही.

अपघात माझ्या ओळीमुळे झाला, असं मी म्हणत नाही. लागोपाठच्या खेपांमुळे झाला. पण जागण्याला मर्दानी म्हणणारी जाहिरात मीही लिहिली होती. आपण सगळेच ती लिहितो. ‘मी चार तासच झोपतो’ हे लोक किती अभिमानाने सांगतात! परीक्षेच्या मुलाला म्हणतो, रात्रभर जागून अभ्यास केला, शाबास. सकाळी सगळ्यांआधी उठून रात्री सगळ्यांनंतर आडवी होणारी बाई आपल्याला आदर्श वाटते. तिला झोप हवी का, असं कुणी विचारत नाही. झोपाळू ही आपल्याकडे शिवी आहे आणि जागरण हा पराक्रम. विनोद करायचाच तर तो या पराक्रमावर करायला हवा. पेंगणाऱ्यावर हसून काय उपयोग? तो बिचारा ऐकायला जागेवर नाही.

म्हणून मी दहापैकी तीन ओळी काढून टाकल्या. त्या नुसत्याच पेंगणाऱ्याची टवाळी करणाऱ्या होत्या. एक नवी लिहिली. ही ड्रायव्हरसाठी नव्हती. ट्रकवर लावायचीही नव्हती. मालकाच्या टेबलावर, टेलिफोनशेजारी ठेवायची छोटी पाटी म्हणून ती लिहिली होती. चित्रात मालक गादीवर लोळत, पांघरुणातून हात बाहेर काढून फोन लावतोय: ‘का थांबलास?’ पलीकडून ड्रायव्हर म्हणतोय, ‘शेठ, तुम्ही ज्यासाठी आडवे झालात, त्यासाठीच.’ आणि खाली: ‘माल एकदा पोचतो. माणूस दर वेळी पोचायला हवा.’

आठही ओळी मी मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवल्या. हवालदार झाला, वडापाव झाला, ‘येथे जागा आहे’ झालं. सगळे हसले. आठवी वाचली. कुणी हसलं नाही. एकाने घड्याळ बघितलं. अध्यक्ष म्हणाले, ‘‘सर, छान आहे. जरा लांब होतेय एवढंच.’’ मग चहा आला. ठरलेलं मानधन त्यांनी चोख दिलं.

सात स्टिकर छापले गेले. रस्त्याने जाताना कधी कधी दिसतात, बरं वाटतं. आठवी छापली गेली नाही. त्या बैठकीतून निघताना एक तरुण मालक माझ्या मागून जिन्यापर्यंत आला. दोनच गाड्या आहेत त्याच्या. त्याने ती ओळ खिशातल्या पावतीच्या मागे लिहून घेतली. त्याने पुढे तिचं काय केलं, मी विचारलेलं नाही. पण आठवी ओळ वाया जाऊ नये, म्हणून आज तुम्हाला ऐकवली. तुमच्या हाताखाली कुणी काम करत असेल, तुमच्या घरात कुणी तुमच्यानंतर झोपून तुमच्याआधी उठत असेल, तर ती तुमच्यासाठीही आहे. ज्याची झोप झालेली नाही त्याला ते कळत नाही. त्याच्या शेजारच्याला कळू शकतं. पूर्वी ट्रकमध्ये त्यासाठी एक माणूस असे.

श्रोतेहो, भाषण ऐकताना कुणाला डुलकी लागली तर वक्त्याला वाईट वाटतं. आज मला वाटणार नाही. रात्र बरीच झाली आहे. रेडिओ बंद करा, मोबाइल हाताला लागणार नाही एवढ्या लांब ठेवा, आणि स्वयंपाकघरात अजून कुणी भांडी आवरत असेल तर त्यांना म्हणा, ‘राहू दे ते. सकाळी दोघं मिळून करू.’

शुभ रात्री.